मातामायशी भांडले तो दिवस

देवावर विश्वास आहे का, असं त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं. धान कापताना बाबांच्या डोळ्यात लोंबी घुसली होती. डोळा लालभडक, बुबुळावर पांढरा ठिपका. नवेगाव बांधकडच्या आमच्या गावातून पहिल्या बसनं गोंदिया गाठलं, तर सरकारी दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसानं मोबाइलवरून नजरही न उचलता सांगितलं, "डोळ्याचे डॉक्टर कॅम्पले गेले. परवा या." मग आज कुठं जायचं?

तिथून एका खासगी नेत्रालयात गेलो. काचेचं दार पाहून बाबांनी देवळाबाहेर काढाव्या तशा चपला काढल्या आणि बाहेरच भिंतीशी उकिडवे बसले. माझा संताप झाला. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि माझा बाप दारात?

"बाबा, चपला घाला. आपण पेशंट आहो."

"राहू दे ना बाई, फरशी खराब होते."

मी घालायला लावल्या आणि आत खुर्चीवर बसवलं.

काउंटरवरची मुलगी गोड हसली. "अ‍ॅपवर अपॉइंटमेंट घ्या. सोमवारचा स्लॉट आहे."

"डोळा सोमवारपर्यंत थांबते का?"

"मॅम, सिस्टीम घेत नाही."

सरकारी खिडकीनं तुसडेपणानं हाकललं, हिनं हसून. बाबा माझी ओढणी ओढून म्हणाले, "काऊन भांडून राहिली? चाल घरी. मातामायचा अंगारा लावू."

मी हलले नाही. तिथंच उभं राहून गावाच्या शिवेवरच्या मातामायशी मनातल्या मनात भांडले. 'माय, पिढ्यान् पिढ्या आमचे नारळ घेतेस. तू तरी या खुर्चीवाल्यांसारखी होऊ नको. मी इथून जात नाही. पुढचं तू पाहा.'

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक जाडजूड बाई उठली. "मॅडम, मेरे नंबर पे चाचाजी को भेजो. मेरा तो चष्मे का काम है. इनकी आंख जा रही है और तुम अ‍ॅप-अ‍ॅप कर रही हो?"

"असं करता येत नाही, मॅम."

"तो मैं भी अंदर नहीं जाती. बुला तेरे सिस्टीम को!"

सगळे बाक हसले. गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले, बाबांच्या डोळ्याकडे पाहिलं आणि हात धरून त्यांना आत घेऊन गेले. जखम चिघळली होती. आणखी उशीर झाला असता तर डोळा हाती लागला नसता, असं ते म्हणाले. आभार मानायला मी बाहेर धावले, तर ती बाई निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं.

आता बाबांना त्या डोळ्यानं थोडं धूसर, पण दिसतं. ती बाई कोणी पाठवली, यावर मी वाद घालत नाही. शरण जाणं म्हणजे मुकाट्यानं घरी परतणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपले पाय रोवून उभं राहायचं आणि मग हवाला मातामायवर ठेवायचा.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर आम्ही मातामायला नारळ फोडला. माझे डोळे कितीतरी वेळ मिटलेले पाहून बाबांनी विचारलं, "एवढं काय मांगून राहिली?"

"काही नाही. तिले सांगून ठेवलं, पुन्हा कुठं हाकललं तर पुन्हा भांडीन."

बाबा खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "भांड. आयकते ते माय."