ऑर्गनकडची खुर्ची

अण्णासाहेब मोघे यांच्याकडे मी वकिलीच्या उमेदवारीसाठी गेलो, तेव्हा त्यांनी माझी प्रशस्तिपत्रं बघितलीच नाहीत. शेवटचं संगीत नाटक कुठे बघितलंस, असं विचारलं. सांगलीला, असं मी म्हणालो. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि चष्मा पुसत पुढचा प्रश्न टाकला, कुठे बसला होतास? मी खरं ते सांगून टाकलं. पिटात, सतरंजीवर, तबल्याच्या बाजूला. अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "साक्षीदार म्हणून चालशील. वकील म्हणून जरा विचार करावा लागेल."

तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. साताऱ्याच्या कोर्टात त्यांच्याकडे टिकेल असा दुसरा कुणी उमेदवार मिळत नव्हता, हे मला नंतर कळलं. नाटक कंपनी सांगलीत आली की अण्णांच्या अशिलांच्या तारखा पुढे जात. एकदा लोणंदकडचा एक शेतकरी बांधाच्या दाव्यासाठी पायपीट करून आला होता. वकीलसाहेब श्रीधरबुवांच्या नाटकाला गेलेत, असं मी त्याला सांगितलं. त्याने पटका काढून घाम पुसला आणि शांतपणे विचारलं, "बरं. बुवांचं गाणं झालं की माझा बांध मोकळा व्हईल न्हवं?" हे मी अण्णांना सांगितलं, तर त्यांना त्यात काही लागण्यासारखं वाटलं नाही. उलट माणूस रसिक दिसतो, असा शेरा त्यांनी मारला.

अण्णांचा सगळा अभिमान एका खुर्चीत होता. सांगलीच्या थिएटरात दुसऱ्या रांगेत, ऑर्गनच्या बाजूला, वाटेच्या कडेची खुर्ची. ती मिळवायला ते आदल्या दिवशीच सांगली गाठत. युद्धाचे दिवस होते. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार चढावर धापा टाकत थांबे आणि सगळे उतारू खाली उतरत. अण्णा तेवढे आत बसून राहत. पुढे सातारारोडला आगगाडी धरायची, मिरजेला ती बदलायची आणि विश्रामबाग मागे पडली की कोट झटकायला सुरुवात करायची, असा त्यांचा क्रम होता. सोबत बहुधा मी असे, कारण वळकटी कुणीतरी उचलायला हवी होती.

पहिल्या रांगेत का बसायचं नाही, यावर ते कोर्टात बोलत त्यापेक्षा सरस बोलत. पहिल्या रांगेत नटाचा रंग दिसतो, रस दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मागे बसावं तर पत्र्यावरून आवाज परत येतो, म्हणजे एका पैशात दोन नाटकं ऐकल्यासारखं होतं. तबल्याच्या बाजूला बसणाऱ्यांबद्दल ते माझ्याकडे बघून गप्प राहत. ऑर्गनच्या बाजूला मात्र गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, सूर घ्यायला तो त्या अंगाला कलतो आणि तेव्हा तो फक्त आपल्यासाठी गातो, असं ते सांगत. "खुर्ची चुकली की राग चुकतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

थिएटर रिकामं असताना खुर्च्यांची परीक्षा होई. थिएटरचा दारवान मारुती रंगमंचावर उभा राहून 'आ' करी आणि अण्णा खाली खुर्च्या बदलत बसत. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर दाताच्या दवाखान्यात आलो असं त्याला वाटलं असतं. शेवटी अण्णा आपल्या नेहमीच्याच खुर्चीवर येऊन टेकत आणि निकाल जाहीर करत. मारुतीचा घसा तोवर बसलेला असे. एकदा तो वैतागून म्हणाला, "आवं वकीलसायेब, खुर्च्या समद्या एकाच सुताराच्या हायती." अण्णांनी त्याला माफ केलं.

आणि एवढ्या खटाटोपाने मिळवलेल्या खुर्चीत बसून अण्णा काय करत, तर नांदी संपली की डोळे मिटून घेत. ते थेट मध्यंतरातच उघडत. नाटक कानांनी बघायचं असतं, डोळे नुसते सोबतीला येतात, असं त्यांचं मत होतं. ते डोळे मिटलेले असतानाच उजवा हात वर जाई आणि "वन्स मोअर" असा खणखणीत आवाज निघे. मग सगळं थिएटर त्यांच्या मागून ओरडे. सांगलीत अण्णांच्या आधी वन्स मोअर द्यायची कुणाची छाती नव्हती, असं अण्णा सांगत. आम्ही वन्स मोअर मागत नाही, देतो, असंही सांगत.

आता माईंबद्दल सांगायला हवं. माई म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्याही दरवेळी नाटकाला येत. बायकांची बसायची जागा वेगळी होती, मागच्या अंगाला एका उंच ओट्यावर. तिथे माईंची जागासुद्धा अण्णांनीच ठरवून दिली होती. दाराला लागून, खांबाच्या मागे. मध्यंतर झालं की माईंनी गर्दीच्या आधी बाहेर पडून थर्मास अण्णांच्या खुर्चीपर्यंत आणायचा. आत कुठे बसल्या तर बायकापोरांतून वाट काढेपर्यंत कॉफी गार होते, असा पूर्वी एकदा अनुभव आला होता. म्हणून दाराजवळ. तिथून रंगमंच बरोबर त्या खांबाआड जातो, हे अण्णांच्या खुर्चीशास्त्रात बसत नव्हतं. माईंनी ते कधी सांगितलं नव्हतं आणि अण्णांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या काळात श्रीधरबुवा स्त्रीभूमिका करत. साताऱ्यातल्या निम्म्या बायका त्यांच्यासारखा पदर घेत. माईंच्या शेजारणी त्यांना विचारत, तुम्ही तर प्रत्येक खेळ बघता, बुवांनी या वेळी शेला कसा घेतला होता? माई म्हणत, छान घेतला होता. मग स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना बुवांचीच पदं गुणगुणत. ओसरीवरून अण्णा ओरडून चूक दाखवत. चूक बहुतेक वेळा नसे.

मग बातमी आली की श्रीधरबुवा थांबणार. सांगलीला एक शेवटचा प्रयोग करणार, आणि त्यानंतर त्या थिएटरात बोलपट लागणार. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे माईंनी वाढलं ते नुसतं चिवडत बसले. माई दुसऱ्या दिवशी ताट उचलता उचलता म्हणाल्या, "या खेपेला मला बुवांना बघायचंय."

अण्णा चक्रावले. इतकी वर्षं मग करत काय होतीस, असं त्यांनी विचारलं. माई म्हणाल्या, "ऐकत होते. समोर खांब आहे."

मी तिथेच कागद लावत बसलो होतो. अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पण वकील तो वकीलच. बघू काहीतरी करू, अशी त्यांनी तारीख घेतली. आम्ही आदल्या दिवशी सांगलीला गेलो. अण्णांच्या आजूबाजूच्या खुर्च्या कधीच्याच गेल्या होत्या. मारुतीने सुचवलं की आता जोडप्याने शेजारी बसायची पद्धत पडत चाललीय, तबल्याकडे मागे दोन खुर्च्या जोडीने आहेत, त्या देतो. तबल्याकडे हा शब्द ऐकून अण्णांचा चेहरा असा झाला, की मारुतीनेच विषय बदलला.

मी म्हणालो, अण्णा, माईंना तुमच्या खुर्चीवर बसू द्या. तुम्ही नाहीतरी डोळे मिटूनच बसता, खांबामागे दारात मारुतीच्या स्टुलावर बसलात तर काय बिघडेल? अण्णांनी माझ्याकडे विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं. मग जन्मात पहिल्यांदा ते बायकांच्या ओट्यावर चढले. खांबामागे जाऊन बसले. मारुतीने रंगमंचावरून 'आ' केला. अण्णा तिथे बराच वेळ बसून होते आणि मला खालून फक्त त्यांचे गुडघे दिसत होते. उतरून आले तेव्हा मला वाटलं, आता हे खुर्ची देणार. ते म्हणाले, "आवाज बरा येतो."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की वळकटी तिथेच टाकून स्टेशन गाठावं असं वाटलं. गाठलं मात्र नाही. मलाही बुवांचा शेवटचा प्रयोग ऐकायचा होता.

प्रयोगाच्या दिवशी माई आल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात थर्मास. कुणाशी काही न बोलता खांबामागे जाऊन बसल्या. बुवा आले तसा सगळ्या थिएटरातून एक हुंकार उमटला. पहिल्या दोन अंकांत अण्णांनी हात वर केला की बुवा पुन्हा गात होते. मी तबल्याकडे, माझ्या जागी, सतरंजीवर होतो. मला ऐकू कमी आलं असेल, पण दिसत सगळं होतं. राणीच्या शालूत बुवा आता जड वाटत होते आणि उठताना सिंहासनाचा हात धरत होते.

मध्यंतर झालं. अण्णांनी डोळे उघडले आणि सवयीने हात पुढे केला. कॉफी आली नाही. त्यांनी मान वळवली. खांबाशी थर्मास उभा होता, माई नव्हत्या. त्या दारात मारुतीशी बोलत होत्या. काय बोलल्या ते मारुतीने मला नंतर सांगितलं. तुमचं स्टूल द्या, असं त्या म्हणाल्या. मारुती म्हणाला, "घ्या की माई. पर वकीलसायेबास्नी काय सांगू?" माई म्हणाल्या, "सांगा, आज कॉफी गार होईल."

आणि सगळं थिएटर बघत असताना माई हातात स्टूल घेऊन मधल्या वाटेने पुढे आल्या. पुरुषांच्या रांगांमधून, थेट दुसऱ्या रांगेपर्यंत. अण्णांच्या खुर्चीला लागून त्यांनी स्टूल टेकलं आणि बसल्या. कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसलं. अण्णा कुजबुजत काहीतरी म्हणाले. माईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. पडदा उघडला होता.

तिसऱ्या अंकात बुवांचं ते मोठं पद आलं. बुवा जीव तोडून गायले. अण्णांचा हात वर गेला, थिएटर ओरडलं, आणि बुवांनी पद पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. मोठ्या पदाला दोनदा द्यायचा, हा त्यांचा नियम. हात पुन्हा वर गेला आणि "वन्स मोअर" असा आवाज घुमला. सगळं थिएटर पेटलं. ऑर्गनवाल्याने सूर धरला. बुवांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

तेव्हा माई बोलल्या. ओरडल्या नाहीत. घरी पंगतीत आग्रह करणाऱ्याला थांबवावं तशा म्हणाल्या, "पुरे आता. दमलेत ते."

बुवांच्या नाटकात बाईमाणसाचा आवाज रंगमंचावरूनसुद्धा कधी आला नव्हता. ऑर्गनवाल्याने माईंकडे बघितलं आणि बोटं उचलली. लोक आपोआप गप्प झाले. बुवांनी ऑर्गनच्या अंगाला वळून पदर सारखा केला, माईंना हात जोडले आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. कऱ्हाड गेल्यावर म्हणाले, लोकांसमोर माझा वन्स मोअर मोडलास. माई म्हणाल्या, बुवांनी सिंहासनाचा हात किती घट्ट धरला होता, बोटं पांढरी पडली होती. अण्णांनी मान हलवली. "मला नाही दिसलं. मी तर दुसऱ्या रांगेत होतो."

"तुम्ही डोळे मिटले होते," माई म्हणाल्या.

सातारारोड आलं. उतरताना वळकटी अण्णांनी स्वतः उचलली. मी हात पुढे केला तर राहू दे म्हणाले. त्या दिवशी मला अण्णा पहिल्यांदा थोडे आवडले, आणि मग त्यांनी ती वळकटी माझ्या पायावर टाकली.

बुवा पुन्हा रंगमंचावर उभे राहिले नाहीत. काही महिन्यांनी त्याच थिएटरात बोलपट लागला आणि आम्ही तिघं बघायला गेलो. यंत्राला वन्स मोअर देता येत नाही, अशी अण्णांची वाटभर कुरकुर चालली होती. तिकिटाच्या खिडकीवर मात्र ते माईंच्या मागे उभे राहिले आणि कुठली घेऊ, असं त्यांनी माईंना विचारलं. माईंनी मधल्या रांगेतल्या, बरोबर पडद्यासमोरच्या खुर्च्या घेतल्या. बसल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "इथून दिसतं ना?" माई हो म्हणाल्या. चित्र सुरू झालं, आणि मी मुद्दाम बघितलं, अण्णांचे डोळे उघडे होते.

मध्यंतरात अण्णा स्वतः कॉफी आणायला बाहेर गेले. गर्दीतून वाट काढत परत आले तेव्हा दिवे मालवले होते, निम्मी कॉफी कोटावर सांडली होती आणि उरलेली गार झाली होती. तसं त्यांनी कबूलही केलं. माईंनी पेला घेतला, एक घोट घेतला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पुढच्या खेपेपासून तुम्ही दाराजवळ बसत जा."