सासूच्या कार्डावर माझा फोटो

मी लग्न होऊन धावड्याला आले, त्याच वर्षी गावात मतदार ओळखपत्रांसाठी फोटो काढले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना त्या कार्डाची फार ओढ. मागच्या निवडणुकीत त्या शाळेतल्या केंद्रावर गेल्या, तर त्यांच्या नावावर आधीच कुणीतरी शिक्का मारून गेलं होतं. त्या तशाच परत आल्या. ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

कार्डं आली. आत्याबाईंच्या नावाशेजारी माझा फोटो, माझ्या नावाशेजारी त्यांचा. माझ्याकडून कार्ड वाचून घेऊन त्या म्हणाल्या, "पोरी, वय बावन्न अन् तोंड एकोणीसचं." आम्ही दोघी जे हसत सुटलो, ते तव्यावरची भाकरी करपेपर्यंत.

मतदानाच्या रांगेतही तेच. एकमेकींकडं बघितलं की तोंडाला पदर. आत बसलेले अधिकारी बाहेरगावचे मास्तर होते. त्यांनी कार्ड पाहिलं, मग आत्याबाईंना पाहिलं.

"बाई, हा फोटो तुमचा नाही."

"हिचा हाय," आत्याबाईंनी मला पुढं ओढलं. "अन् माझा हिच्यापाशी."

बाकावर बसलेला एका पक्षाचा माणूस म्हणाला, "साहेब, सारं गाव काकूला वळखतं. कार्ड कशाला पाह्यजे?"

आत्याबाई त्याच्यावरच उलटल्या. "मागच्या टायमालाबी वळखीत होतं. तरी माझं मत दुसऱ्यानं टाकलं. कार्ड पाह्यजेच."

"मंग ह्या कार्डावर मत देता येत न्हाई," दुसऱ्या पक्षाचा माणूस म्हणाला.

"का न्हाई? चूक लिव्हणाऱ्याची. मत माझं हाय."

मास्तरांनी दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी ठेवली, आम्हालाही शेजारी उभं केलं आणि रेशनकार्ड मागितलं. मी चपला हातात घेऊन घरी पळाले, तशीच परत आले. नव्या सुनेनं गावातून असं धावायचं नसतं, हे मला त्या दिवशी आठवलंसुद्धा नाही. मास्तरांनी नावं, वयं यादीशी ताडून पाहिली. दोन्ही पक्षांच्या माणसांनी, बहुधा पहिल्यांदाच, एका गोष्टीवर मान डोलावली. मास्तर खाली बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"द्या यांना मतपत्रिका," ते कसंबसं म्हणाले.

बाहेर आल्यावर आत्याबाई शाईचं बोट वर धरूनच गल्लीभर चालल्या. शेजारणीनं दारातून विचारलं, "काय झालं गं एवढं हसायला?" आम्ही सांगायला थांबलो, पण पहिल्याच वाक्याला दोघी तिच्या ओट्यावर बसलो, पोट धरून.