पुन्हा गुव्वलकुंटा

पिंगळीकर सरांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि माझ्या टेबलावर पसरलेल्या उद्याच्या पान तीनवर ठेवली.

"अरविंद, हे तपास," म्हणाले.

शाळेत ते माझ्या वह्या तपासत. आता त्यांची वही माझ्यापुढे होती. तिच्यात आमच्याच पेपरची कात्रणं चिकटवलेली होती आणि प्रत्येक कात्रणाखाली लाल शाईत एक आकडा होता.

मी तेव्हा हैदराबादच्या एका इंग्रजी दैनिकात सिटी डेस्कवर सब-एडिटर होतो. सब-एडिटर बातमी आणत नाही. दुसऱ्याने आणलेली बातमी कापतो, तिची भाषा सुधारतो आणि वर मथळा लावतो. चुकलं तर शिव्या रिपोर्टरला पडतात, म्हणून ही नोकरी मला आवडायची. बाजार नुकता खुला झाला होता. ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, ते थंड राहावेत म्हणून एसी आला होता आणि आम्ही त्या एसीचा फुकट लाभ घेत होतो.

सर शहराच्या कोठी भागातल्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर ते गुव्वलकुंट्याला राहायला गेले. तेलुगूत गुव्वल म्हणजे पारवे आणि कुंटा म्हणजे तळं. पारव्यांचं तळं. नाव एवढं गोड आणि शहरात त्याची ख्याती अशी की रिक्षावाले मीटरवर यायला तयार नसत.

मी कात्रणं वाचू लागलो. गुव्वलकुंट्यात ट्रक लुटला. गुव्वलकुंट्यात अनोळखी प्रेत. गुव्वलकुंट्यात सुरे चालले. खाली आकडे: सात, अकरा, साडेनऊ.

"हे काय सर?"

"किलोमीटर. आमच्या कॉलनीपासून घटनास्थळापर्यंत. स्कूटरच्या मीटरवर मोजलं. दोनदा."

"सगळ्या ठिकाणी तुम्ही गेलात?"

"मग काय अंदाजपंचे लिहू? मी काय पेपरात आहे?"

सरांनी शेवटचं पान उघडलं. "कॉलनीच्या आत घडलेल्या गोष्टी दोन. एक सायकल गेली. आणि शेजारच्या रावगारूंचा कुत्रा मला चावला. ती तक्रार मीच दिली होती, तीही तुम्ही छापलीत. 'गुव्वलकुंट्यात निवृत्त शिक्षकावर हल्ला.' कुत्र्याचं नाव चौथ्या ओळीत."

इथं आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगायला हवी. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास पोलिसांकडून हँडआउट यायचं, म्हणजे दिवसभरातल्या गुन्ह्यांची टाइप केलेली यादी. यादीत प्रत्येक गुन्ह्याआधी ठाण्याचं नाव असे, कारण पोलिसांच्या लेखी गुन्हा ठाण्याच्या हद्दीत घडतो. आम्ही ते नाव उचलून मथळ्यात घालायचो. गुव्वलकुंटा ठाण्याची हद्द पार हायवेपर्यंत आणि पलीकडच्या दगडाच्या खाणींपर्यंत पसरलेली होती. त्या सगळ्या माळावर कोणी कोणाला मारलं तरी छापताना ते सरांच्या फाटकाशी मारल्यासारखं दिसे.

"पण सर, ठाणं नेमकं तुमच्या कॉलनीत कसं आलं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "मीच आणवलं. सोसायटीचा सेक्रेटरी होतो ना. सगळे सरकारी नोकर, कारकून, मास्तर. अर्ज लिहिण्यात आमचा हात कोण धरणार? सुरक्षितता हवी म्हणून अर्ज केला, वर कोपऱ्यातला प्लॉट फुकट दिला. ठाणं आलं, त्याला आमचं नाव दिलं. आम्ही पेढे वाटले रे."

एवढ्यासाठी ते आले नव्हते. संध्याकाळी पावणेआठला कोठीहून गुव्वलकुंट्याला शेवटची बस सुटायची. त्यांची मुलगी वसुधा कोठीतल्या एका दवाखान्यात लॅबमध्ये होती आणि सातला सुटून त्याच बसने घरी यायची. बायको गेल्यापासून घरात दोघंच. आता कंडक्टर लोकांनी डेपो मॅनेजरपुढे आमच्या पेपरची कात्रणं ठेवली होती. त्या भागात अंधार पडल्यावर गाडी नेणार नाही, म्हणत होते.

"बस बंद झाली तर वसूची नोकरी तरी सुटेल नाहीतर आमचं घर तरी. नव्यानं बांधायचं माझं वय नाही. अंगणातल्या जामाला आत्ता कुठं फळ धरलंय." पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. "तुम्ही एकच करा. प्रेत जिथं सापडलं तिथलं नाव टाका. खाणीत सापडलं तर खाणीत. बाकी काही नको."

मी शब्द दिला. मला तो अधिकार नव्हता, पण सरांपुढे तसं म्हणवेना.

आधी क्राइम रिपोर्टर सलीमभाईंना विचारलं. ते हसले. "अरविंदमियां, मय्यत खान में पडी या मैदान में, नापने कौन जाता? थाने का नाम लिखो, घर जाओ."

"एक माणूस गेला होता नापायला. दोनदा."

"हौला होईंगा." म्हणजे, वेडा असेल.

"माझे सर आहेत."

सलीमभाई ओशाळले. "फिर तो सही नापे होंगे," म्हणाले आणि त्या आठवड्यापासून पोलिसांना फोन करून खरी जागा विचारून देऊ लागले. मी मथळ्यात तीच घालू लागलो. 'हायवेवर ट्रक लुटला.' 'खाणीजवळ मारामारी.' दहा-बारा दिवस हे चाललं. मग न्यूज एडिटर मूर्तीसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर आमच्या पेपरचं ब्रीदवाक्य फ्रेम करून लावलेलं होतं. त्यात सत्य हा शब्द होता.

"व्हॉट इज धिस, खाणीजवळ? कुठली खाण? खाणी शंभर आहेत."

"साहेब, गुव्वलकुंटा तिथून आठ किलोमीटर आहे."

"आपल्या समोरच्या पेपरने काय छापलंय?"

"गुव्वलकुंटा."

"मग? वाचकाला ओळखीचं नाव लागतं. गुव्वलकुंटा म्हटलं की तो थांबतो, वाचतो. खाणीला कोण विचारतं?"

मी सरांची हकिकत सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकली. वाईट माणूस नव्हता. "अरविंद, एका म्हाताऱ्यासाठी आपण शहराचा नकाशा बदलत नाही," म्हणाले.

इथवर दोष साहेबांचा. पुढचा माझा.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी खाणीत एका बाईचं प्रेत सापडलं. ठाणं अर्थातच गुव्वलकुंटा. पान तीनवर तीन कॉलम मोकळे होते आणि पान छपाईला सोडायला वीस मिनिटं होती. ठाण्याचं नाव घालावं लागणार हे ठरलेलंच होतं. तेवढंच घातलं असतं तर मी हुकमाचा ताबेदार ठरलो असतो, आणि त्यावर माणूस सुखाने जगतो. पण नुसतं नाव फार सपाट दिसत होतं. मी त्याच्यापुढे स्वल्पविराम दिला आणि एक शब्द जोडला. 'गुव्वलकुंटा, अगेन.' म्हणजे, पुन्हा.

तो शब्द हँडआउटमध्ये नव्हता. सलीमभाईंनी लिहून दिलेल्या बातमीत नव्हता. कोणी मागितला नव्हता.

साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले. "नाइस टच," म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला आनंद झाला, आणि तो चांगला घरी पोचेपर्यंत टिकला.

ते कात्रण डेपोच्या नोटीस बोर्डावर लागलं. दहा दिवसांनी पावणेआठची बस बंद झाली.

मग सर रोज स्कूटरवरून वसुधाला आणायला कोठीपर्यंत येऊ लागले. मोतीबिंदू होता. एकदा खडीवरून स्कूटर घसरली, सरांचं मनगट मोडलं. त्यानंतर घर विकायचं ठरलं. घेणारा सफारी सूट घातलेला एक बिल्डर होता, तो ओळीने घरं घेत चालला होता. मी भेटायला गेलो तेव्हा सर प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून बसले होते.

"भाव पाडायला त्यानं फाइल आणली होती," सर म्हणाले. "कात्रणांची. माझ्याकडं होती तशीच. फक्त खाली अंतर नव्हतं लिहिलेलं."

"सर, त्यातला एक मथळा..."

"सगळ्यात वर होता तो. मथळे तूच लावतोस, हे तूच मला सांगितलंयस." त्यांचा आवाज चढला नाही. "वसू, अरविंदला जाम दे. पिशवी भरून दे. आता कोण खाणार आहे?"

वसुधाने पिशवी भरून दिली. माझ्याकडे बघितलं नाही. महिन्याभरात ते दोघं दिलसुखनगरला, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले.

पाच-सहा वर्षं गेली. गुव्वलकुंट्याच्या पलीकडे काचेच्या इमारती उठल्या. त्यांत रात्रंदिवस कॉम्प्युटर चालायचे आणि तरुण पोरं आमच्या साहेबांपेक्षा जास्त पगार घ्यायची. बिल्डरने सगळे प्लॉट एकत्र करून उंच बिल्डिंगा बांधल्या. तळं तोवर आटलं होतं. त्याने तळाला फरशी बसवून पाणी सोडलं, मधे कारंजं उभं केलं आणि गुव्वलकुंटा या नावाचं इंग्रजी करून 'डव्ह लेक' अशी पाटी लावली. पारवे कारंज्याला भिऊन गेले. ठाणंही हायवेवर हलवण्यात आलं, कारण गेटसमोर ते बरं दिसत नव्हतं. त्या बिल्डरची पानभर जाहिरात आमच्या रविवारच्या प्रॉपर्टी पुरवणीत येई. पुरवणी गुळगुळीत कागदावर निघे आणि ती बघायचं काम माझ्याकडे होतं. 'शहरातला सर्वांत शांत परिसर' ही ओळ मी स्वतः तपासली आहे. स्पेलिंग बरोबर होतं.

ठाणं हललं, पण त्याचं नाव तेच राहिलं. एका सोमवारी हँडआउटमधून एक दरोडा नेहमीच्या पद्धतीने छापला गेला: गुव्वलकुंट्यात. मंगळवारी सकाळी बिल्डरचा माणूस जाहिरात विभागात येऊन बसला. संध्याकाळी मूर्तीसाहेबांच्या सहीचं सर्क्युलर सगळ्यांच्या टेबलावर होतं. यापुढे गुन्ह्याच्या बातमीत ठाण्याचं नाव मथळ्यात घेऊ नये. प्रत्यक्ष घटनास्थळ लिहावं आणि जवळच्या वस्तीपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये द्यावं. पत्रकारितेत अचूकपणाला पर्याय नाही, असंही शेवटी होतं.

मी त्याची एक प्रत घेऊन दिलसुखनगरला गेलो. का गेलो, ते मला नीट सांगता येत नाही. खालच्या मजल्यावर पोरं इंजिनिअरिंग प्रवेशाची गणितं घोकत होती. सरांनी दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करून घेतलं होतं. कागद लांब धरून त्यांनी दोनदा वाचला. मग सवयीने टेबलावर लाल पेन शोधलं.

"उत्तर बरोबर आहे," म्हणाले. "पण घंटा झाल्यावर लिहिलंय." पेनचं टोपण पुन्हा लावून त्यांनी कागद मला परत दिला. "चहा घेशील? वसू सातला सुटते. येईलच आता. इथनं बस भरपूर आहेत."

मी चहाला थांबलो. वसुधा यायच्या आत निघालो.

त्यानंतर मी अकरा वर्षं नोकरी केली आणि 'पुन्हा' हा शब्द एकाही मथळ्यात लावला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. वस्ती बदनाम करायला एक ओळ पुरते. तिचं नाव सुधारायला मात्र पानभर जाहिरात द्यावी लागते, आणि ती परवडणारा माणूस त्या वस्तीत आधीपासून राहत असलेला नसतो.