उशाखालचं गाठोडं
शेंगदाणे भाजल्याचा वास आला की बीडच्या दवाखान्यातली ती म्हातारी आठवते. चांगल्या खुराकानं जखम लवकर भरते का, यावर आमचं संशोधन चाललं होतं. तिला रोज शेंगदाण्याचे लाडू द्यायचो. ताटली रिकामी दिसायची, पायाची जखम मात्र भरेना. विचारलं की म्हणायची, "खाते की बाई, लई ग्वाड हायत." ती गेली, तेव्हा उशाखाली लाडवांचं गाठोडं निघालं. ऊसतोडीवरून धावत आलेली तिची पोटुशी लेक ते मांडीवर घेऊन रिकाम्या खाटेवर बसली. एक लाडू फोडून तोंडात घातला आणि रडत म्हणाली, "माज्या बाळंतपणाला केलते मायनं. तिच्याच हातची चव हाय." ते लाडू मी वळले होते. आजही घरी लाडू वळताना हे हात माझे वाटत नाहीत.