अठरा पॉइंट तीन

दशांशकाकांचं खरं नाव क्लबात कुणाला ठाऊक नव्हतं. जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेला आणि रविवार मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये स्कोअरबुकासमोर. षटकाचे चेंडू सहा असतात, दहा नव्हेत, हे त्यांनी इतक्या जणांना इतक्यांदा सुनावलं होतं की शेवटी तेच नाव चिकटलं. माणूस तिरसट, पण काम चोख. बावीस वर्षांत वहीत एक खाडाखोड नाही.

यंदा महिला संघाला नव्या मॅनेजरबाई मिळाल्या. त्या लॅपटॉप घेऊन आल्या आणि काकांना गोड बोलून खुर्चीवरून उठवलं. "किती राबलात काका! आता नुसता खेळ बघा." काका तरीही येत राहिले, ते लेकीसाठी. ती पाचव्या नंबरवर खेळायची. संघ वरच्या गटात गेला तर एका कंपनीत खेळाडू म्हणून तिची नोकरी पक्की होती. पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं.

शेवटच्या सामन्यात नुसतं जिंकून भागणार नव्हतं. जिंकलं तरी दोन संघांचे गुण सारखे होणार आणि वर कोण जाणार ते नेट रन रेटवर ठरणार. म्हणजे स्पर्धेत आपण षटकामागे किती धावा केल्या, त्यातून षटकामागे किती दिल्या त्या वजा. एकशे एक्केचाळीस करायच्या होत्या, आणि जितक्या लवकर तितकं बरं. मॅनेजरबाईंनी आकडे टाकले आणि ओरडून सांगितलं, "अठरा पॉइंट तीन! अठरा षटकं आणि तीन चेंडू आहेत आपल्याकडे."

काका ताडकन उठले. "बाई, भागाकारातला पॉइंट तीन म्हणजे षटकाच्या दहा भागांतले तीन. त्याचे दोन चेंडूही पुरते होत नाहीत. अठरा षटकं आणि एकच चेंडू धरा."

"काका, मशीन कधी चुकतं का?" बाई हसल्या. बाकावरच्या राखीव मुलीही हसल्या. "बसा, चहा घ्या."

काका बसले. अंगाचा तिळपापड झाला होता. भोगा म्हणावं आता!

अठरा षटकं संपली तेव्हा एकच धाव हवी होती आणि स्ट्राइकवर त्यांची लेक होती. बाईंनी सीमारेषेवरून तीन बोटं दाखवली. लेकीने त्यांच्यावरून नजर काढून शेडकडे पाहिलं. इतकी वर्षं किती चेंडू उरले ते बापाच्या बोटांवरूनच तिला कळत आलं होतं. एक बोट वर करायचं, एवढंच काम होतं. काकांनी दोन्ही हातांनी चहाचा कप धरला आणि मान खाली घातली.

पहिला चेंडू तिने हलकेच तटवला. पलीकडच्या टोकाची जोडीदार धावत अर्ध्यात आली होती, तिला तिने हात करून परत पाठवलं. उगाच धावबाद कशाला व्हायचं? दुसराही तटवला. तिसऱ्यावर आरामात एक धाव काढली. मुली नाचल्या, बाईंनी तिला मिठी मारली. दहा मिनिटांनी पंच कागद घेऊन आले आणि नाच थांबला. संघ दोन चेंडूंनी मागे राहिला होता.

घरी लेक बूटही न काढता खुर्चीत बसून राहिली.

"बाबा, मी तुमच्याकडे पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही काहीच खूण केली नाहीत, म्हणून म्हटलं मॅडमचं बरोबरच असणार."

 खरं बोलायचं तर आत्ताच, हे काकांना कळत होतं.

"मला दिसलंच नाही गं. लांबचं हल्ली धूसर दिसतं."

ती उठली, त्यांच्याजवळ आली. स्वतःचं सगळं बुडालेलं असताना तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "मग आधी नाही का सांगायचं? उद्याच डॉक्टरकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. शेवटच्या ओळीपर्यंत सगळं काकांना लख्ख दिसत होतं. लेक शेजारी हात धरून उभी होती. तिसऱ्या ओळीपासून ते मुद्दाम चुकू लागले.