ताईच्या दारातलं आळं

नगरपालिकेच्या उद्यान विभागात त्याला सगळे 'आळेवाले' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. फूटपाथवर फरशा बसवायचं काम निघालं की हा टेप घेऊन हजर. खोडाभोवती दोन-दोन फूट माती उघडी ठेवून आळं राखलंच पाहिजे, हा त्याचा हट्ट. कंत्राटदार हात जोडायचे, दुकानदार शिव्या घालायचे, साहेब कपाळाला हात लावायचे, हा ढिम्म. "मुळांनाही श्वास घ्यावा लागतो हो," हे वाक्य त्याने एकतीस वर्षांत इतक्यांदा ऐकवलं होतं, की ऑफिसातला शिपाई ते त्याच्या आधी पुरं करायचा.

अशा या माणसाने आयुष्यात एकच आळं स्वतःच्या हाताने बुजवलं. ते सख्ख्या बहिणीच्या दारातलं.

ताई एकटी राहायची. दारातल्या शिरीषाच्या झाडाच्या आळ्यात चिखल व्हायचा. एकदा त्यात पाय घसरला आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टरमधला हात भावासमोर धरून ती म्हणाली, "जगाच्या झाडांची काळजी करतोस. बहीण पडली तरी चालते वाटतं?" रविवारी त्याने खडी आणली, सिमेंट कालवलं आणि थेट खोडापर्यंत गुळगुळीत ओटा करून दिला. लोखंडी जाळी टाकली असती तर माती उघडी राहिली असती आणि ताईचा पायही घसरला नसता. ते त्याला सुचलं नव्हतं असं नाही. पण जाळी बनवून घ्यायची, बसवायची, म्हणजे आणखी दोन रविवार गेले असते. त्याने कंटाळा केला, दुसरं काही नाही.

ओटा झाला तशी त्यावर बैठक जमू लागली. समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. नवरा गेलेला, मुलगी परगावी. रोज चार वाजता त्या खुर्ची उचलून ताईकडे यायच्या. दोघी भाजी निवडायच्या, गल्लीतल्या एकेकाची हजेरी घ्यायच्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. भाऊ दिसला की बाई हाक मारायच्या, "काय आळेवाले, आज कुणाशी भांडून आलात?"

पाचव्या वर्षी झाडाचा शेंडा वाळला. सहाव्या वर्षी अर्ध्या फांद्या उघड्या पडल्या. झाडाखाली उभं राहून त्याने वर पाहिलं, मग पायाखालच्या ओट्याकडे पाहिलं, आणि काय ते समजला. ताई शेजारीच उभी होती.

"अरे, ही समोरची रोज पायऱ्या धुते. साबणाचं सगळं पाणी इकडे वाहत येतं. त्यानेच का रे?"

"असेल," तो म्हणाला.

त्याला वाटलं, ताई दोन दिवस कुरकुर करेल आणि विसरून जाईल. पण ताई तडक रस्ता ओलांडून गेली. "दोन बादल्या पाण्याने झाड मरतं होय?" बाई हसत म्हणाल्या. त्या हसण्याने ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा भाऊ सांगतोय. तो यातला माणूस आहे!" शब्दाने शब्द वाढला, शेजारीपाजारी गोळा झाले. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा हो. खरंच माझ्यामुळे?" त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. एकतीस वर्षं गावाला ऐकवलेलं वाक्य त्या दिवशी या शहाण्याच्या तोंडून फुटेना.

पुढच्या रविवारी त्याने छिन्नी-हातोडा घेऊन ओटा फोडला. "भाऊ बघा कसा राबतोय झाडासाठी," ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. खालची मुळं काळी पडली होती, हाताने मोडत होती. महिन्याभरात झाड तोडावं लागलं.

त्यानंतर दोन वर्षं दोघी चार वाजता आपापल्या दारात बसायच्या, मध्ये वीस फुटांचा रस्ता. तो जायचा यायचा, पण बाईंनी पुन्हा हाक मारली नाही. ताईला सांगून टाकू, असं तो दर खेपेला ठरवायचा आणि चहा पिऊन परत यायचा.

बाईंची स्मरणशक्ती जाऊ लागली, तशी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. आठवड्याने तो ताईकडे गेला, तेव्हा समोरच्या दाराला कुलूप होतं.

"लेकीलासुद्धा ओळखत नाही म्हणे आता," ताई म्हणाली. "गाडीत बसताना माझ्याकडे बघून हसली. मी तोंड फिरवलं. एकदा कबूल केलं असतं तिने, तर मी काय धरून ठेवणार होते?"

त्याला ते ऐकवेना. "ताई, साबणाचं पाणी नव्हतं ते. ओट्याने मेलं झाड. मी केलेल्या ओट्याने. मला त्याच दिवशी कळलं होतं."

तो शिव्या खायच्या तयारीने बसला होता. ताईने शिव्या दिल्या नाहीत. ती समोरच्या कुलपाकडे बघत राहिली.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं ती समोर बसून होती रे."