खालचा सूर

भिसेगावच्या आमच्या वस्तीत मुलींचं गायनपथक पुन्हा उभं राहतंय. पोरीला पाठवायचं का, असं आया मला विचारतात. मी फायदे सांगते: दम वाढतो, चारचौघांत उभं राहायची भीती जाते, शेजारणीचं ऐकून आपला आवाज आवरायची सवय लागते. कचेरीत मला या सवयीचा रोज उपयोग होतो. आणखी एक फायदा तोंडी सांगवत नाही, म्हणून लिहिते.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. विहारातला पावसाळ्यातल्या वर्षावासाचा कार्यक्रम आटोपून आम्ही पळसदरीहून पायी परतत होतो. पथक चालवणारी ताई धरून बाराजणी. रांगेत शेवटी माझी धाकटी बहीण. तिचा आवाज जाड, म्हणून खालचा सूर तिच्याकडे. दुपार कलली होती आणि धरणावर धुकं उतरलं होतं. डोक्यावर पोत्याच्या खोळी, त्यामुळे कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

सांडवा ओलांडल्यावर ताई म्हणाली, "मोज गं."

मी बाजूला उभी राहून एकेक खोळ पुढे जाऊ दिली. "पुऱ्या हायत, ताई."

"मग गा. मुक्यानं चालू नका."

दुसऱ्याच ओळीला ताई थांबली. "खालचा सूर कुठाय?"

"रुसली असंल. भजी कमी मिळाली तिला!" एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या.

मला हसू आलं नाही. गाण्याखालची जमीनच सरकली होती. मी मागे वळले. शेवटची खोळ रांगेत उभी होती. बहिणीला नावानं हाक मारली. खोळ हलली नाही. मी जवळ जाईपर्यंत धुकं दाटलं, आणि ते विरळ झालं तेव्हा तिथे कुणीच नव्हतं.

ताई म्हणाली, "एकच सूर धरा, बारीक. श्वास आळीपाळीनं घ्या, तुटू देऊ नका. तिचं ऐकाय यायला हवं."

तसंच गात आम्ही मागे फिरलो. सांडव्यापाशी आमच्या सुराखाली तिचा सूर लागला. दगडांत पाय अडकून ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, आणि पाणी चढत होतं. आम्ही तिला ओढून काढलं.

"वरडली का नाय गं?" मी विचारलं.

"वरडले की! तुमी गेलात तशाच. ती माझ्या जागंवर चालत होती ना, तिनं तेवढं वळून बघितलं."

"कोण ती?"

बहीण रडायला लागली. दोघींनी तिला खांद्याचा आधार दिला. वस्तीचे दिवे दिसेस्तोवर ताईनं गाणं थांबू दिलं नाही. वाटेत एकदा मला म्हणाली, "परत मोज."

मी "हो" म्हटलं, पण मागे बघितलं नाही. डोळे वाटेवर ठेवून एकेक आवाज ओळखत गेले. बारा भरले. खोळी किती होत्या, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.